मुलाला गटसत्राला पाठवू की नको?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका गावातून एका आईने लिहिले आहे. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा दहावीला चांगले गुण मिळवून यंदा नव्या हायर सेकंडरीत अकरावी विज्ञान शाखेत गेला. तेव्हापासून चाचणीच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखू लागते, तो वरचेवर घरी राहतो, जुन्या मित्रांकडे जात नाही आणि जरा काही विचारले की चिडून खोलीचे दार लावून घेतो. डॉक्टरांनी तपासण्या करून पोटात दोष नसल्याचे सांगितले आहे. गुणांवरून वाद झाला तेव्हा एकदा 'मी नसतो तर बरे झाले असते' असे तो रागात बोलून गेला. शाळेतील समुपदेशिकेने ताण आणि भावना हाताळण्याची कौशल्ये शिकवणाऱ्या एका गटासाठी त्याचे नाव सुचवले आहे. गटात दहा मुले असतील, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीनंतर आठ शनिवार दीड-दीड तासाची सत्रे होतील आणि पालकांसाठी दोन बैठका असतील. पाळीच्या कामावर असणाऱ्या पतींच्या मते मुलाला कष्टांची सवय नाही, एवढेच. सासूबाईंनी दृष्ट काढून पाहिली. आईला वाटते की गावात बोभाटा होईल, इतर मुलांकडून हा नको ते शिकेल, शनिवारची 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची शिकवणी बुडेल. शिवाय एकट्याचे समुपदेशन असताना चारचौघांत बोलायला कशाला लावायचे? गटात तो काय बोलतो ते आपल्याला कळेल का, असेही त्यांनी विचारले आहे. मुलगा स्वतः फक्त 'बघू' म्हणतो. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, 'मलाही रात्र रात्र झोप लागत नाही, पण ते असो.'

उत्तर :

तुमच्या पत्रातील एक वाक्य मी सर्वांत आधी घेते, कारण गटाला पाठवावे की नाही हा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे. 'मी नसतो तर बरे झाले असते' हे मुलगा रागात बोलला असे तुम्ही म्हणता, आणि ते तसे असेलही. सोळाव्या वर्षी रागात पुष्कळ काही बोलले जाते. परंतु ते नुसते रागातले होते की आणखी काही होते, हे आपण आपल्याशी ठरवून मोकळे व्हायचे नसते, त्यालाच विचारायचे असते. घरात दोघेच असताना, भाजी निवडताना किंवा स्कूटरवरून परत येताना, आवाज न चढवता सरळ शब्दांत विचारा : "त्या दिवशी तू असे म्हणालास. जीव देण्याचा विचार तुझ्या मनात येतो का?" असे विचारले तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, पण तिला आधार नाही, उलट कोणीतरी विचारले याने मुलांना पुष्कळदा हायसे वाटते. उत्तर 'हो' आले, किंवा त्याने उत्तरच टाळले आणि तुमच्या मनाची खात्री पटली नाही, तर चवथीची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातील औषधांच्या गोळ्या आणि बागायतीसाठी आणलेली कीटकनाशके कुलपात ठेवा, आणि बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत त्याला घेऊन जा. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि विनामूल्य उपलब्ध असतो. समुपदेशिकेलाही ते वाक्य जसेच्या तसे सांगा, कारण तिने गटाची शिफारस केली तेव्हा तिला ते ठाऊक होते की नाही, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. जिवाला धोका असलेल्या मुलाला आधी तज्ज्ञांची वैयक्तिक मदत लागते. आठ शनिवारांचा गट तिची जागा घेऊ शकत नाही.

हे विचारून झाले आणि तसे काही नाही असे दिसले, तर गटाचा विचार निवांतपणे करता येईल.

पत्र वाचताना मला असे वाटले की 'गट' म्हटल्यावर दहा मुले गोल करून बसली आहेत, एकेक जण घरच्या गोष्टी सांगून रडतो आहे आणि बाकीची ऐकत आहेत, असे काहीसे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर उभे राहते. तसे गटही असतात. पण कौशल्ये शिकवणाऱ्या गटात गाऱ्हाणी सांगायला फारसा वाव नसतो, आणि तो मुद्दामच ठेवलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२३ साली तुमच्या मुलापेक्षा थोड्या लहान, म्हणजे १० ते १५ वर्षांच्या मुलांसाठी एक अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात मुलांची ७ आणि पालकांची ३ सत्रे आहेत. स्वतःच्या भावना ओळखणे, शरीर ताणले गेले की श्वास संथ करणे, मन खचल्यामुळे सोडून दिलेल्या गोष्टी थोड्या-थोड्या पुन्हा सुरू करणे आणि अडचणीचे तुकडे पाडून एकेकावर उपाय शोधणे, एवढेच त्यात शिकवले जाते. एक कौशल्य समजावायचे, ते तिथेच जोडीने करून पाहायचे, आठवडाभर घरी सराव करायचा आणि पुढच्या वेळी काय जमले, काय फसले ते सांगायचे, असा अशा सत्रांचा साधारण क्रम असतो. ज्याला स्वतःविषयी काही सांगायचे नसेल त्याला शेजाऱ्याच्या चाचणीचे किंवा काल्पनिक मुलाचे उदाहरण घेऊनही सराव पुरा करता येतो.

तुमच्या मुलाच्या पोटदुखीचेच पाहा. तपासणीत दोष निघाला नाही म्हणजे दुखणे खोटे आहे, असा अर्थ घरात कोणी काढला असेल तर तो काढू नये. भीतीने पोट खरोखरच दुखते. चाचणीच्या सकाळी दुखू लागते, तो घरी राहतो, आणि दहा वाजेपर्यंत दुखणे थांबते. घरी राहिल्याने बरे वाटले, हे त्याच्या मनाने त्या दिवशी नोंदवून ठेवलेले असते. म्हणून पुढच्या चाचणीला भीती कमी होण्याऐवजी वाढते आणि घरी राहण्याची ओढही वाढते. हे चक्र 'धीट हो' म्हटल्याने तुटत नाही आणि 'राहू दे आज' म्हटल्यानेही तुटत नाही. दुखत असतानाही शाळेच्या फाटकापर्यंत, मग वर्गापर्यंत, मग पहिल्या प्रश्नापर्यंत कसे जायचे, त्या वेळी श्वासाचे काय करायचे, स्वतःशी काय बोलायचे, हे शिकावे लागते. तुमचे पती जिला कष्टांची सवय म्हणतात ती हीच असेल, तर त्यांचे आणि समुपदेशिकेचे फारसे मतभेद नाहीत असे मी म्हणेन. फरक एवढाच की ती सवय कशी लावायची याची रीत समुपदेशिकेकडे आहे.

आता एकट्याचे समुपदेशन का नको, याविषयी. नको असे मुळीच नाही. माझ्या मते गटाआधी त्याची समुपदेशिकेशी एक-दोन वेळा स्वतंत्र भेट व्हायलाच हवी, आणि मध्येही तसा मार्ग मोकळा असावा. परंतु आपल्या गावच्या जत्रेतील नाटकाची तालीम जशी आरशासमोर एकट्याने होत नाही, समोरच्याचा शब्द ऐकून आपला शब्द टाकावा लागतो, तसेच काही कौशल्यांचे आहे. 'मला हे समजले नाही, पुन्हा सांगा' असे वर्गात म्हणणे, मित्राला नाही म्हणणे, रागावलेल्या वडिलांशी न चिडता बोलणे यांचा सराव बरोबरीच्या मुलांबरोबर जितका होतो तितका मोठ्या माणसासमोर होत नाही. आणि चाचणीच्या दिवशी पोटात दुखणारा या शाळेत आपण एकटाच नाही, हे त्याला तुम्ही किंवा मी सांगून पटणार नाही. समोर बसलेला दुसरा मुलगा ते बोलून गेला तर पटेल. दहावीपर्यंत वर्गात पुढे असलेल्या आणि नव्या हायर सेकंडरीत एकदम मधल्या बाकावर आलेल्या मुलांना याची विशेष गरज असते, असे मला वाटते.

मात्र गटाला घातले म्हणजे मूल आपोआप सावरते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ब्रिटनमध्ये ८,००० हून अधिक शालेय मुलांवर झालेल्या एका मोठ्या संशोधनाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. वर्गातील सगळ्याच मुलांना सजगतेचे, म्हणजे मन आताच्या क्षणावर आणण्याचे, धडे दिल्याने नेहमीच्या शिकवण्यापेक्षा अधिक फायदा झाला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. सरसकट सगळ्या वर्गाला शिकवणे आणि ज्यांना त्रास सुरू झाला आहे अशा मोजक्या मुलांना शिकवणे, यांत दुसऱ्याचा उपयोग सहसा अधिक दिसतो. तुमच्या मुलासाठी सुचवलेला गट या दुसऱ्या प्रकारचा आहे. तो चालवतो कोण, यानेही मोठा फरक पडतो. आपल्या गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या सांगात या संस्थेतील संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत मुलांच्या आरोग्यासाठीचा एक कार्यक्रम करून पाहिला होता, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. त्याच कामासाठी बाहेरून नेमलेले, तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षण दिलेले समुपदेशक जिथे होते, तिथे शाळेतील वातावरण सुधारले, दादागिरी आणि मुलांमधील नैराश्य कमी झाले. जिथे तेच काम शाळेतील शिक्षकांवर सोपवले होते, तिथे तसा परिणाम दिसला नाही. शिक्षक कमी पडतात असे मला यातून म्हणायचे नाही. जो शिक्षक सकाळी गुण देतो, त्याच्यासमोर दुपारी आपली भीती मांडणे मुलांना अवघड जात असावे, असे मला वाटते.

म्हणून समुपदेशिकेला भेटा आणि विचारा. तिने या प्रकारच्या गटाचे प्रशिक्षण कुठे घेतले आहे, तिच्यावर देखरेख कोणाची आहे, अभ्यासक्रम लिहिलेला आहे की दर आठवड्याला सुचेल ते होणार आहे, सुरुवातीला आणि शेवटी मुलाची स्थिती ती कशी मोजणार आहे, आणि गट चालू असताना एखाद्याची तब्येत बिघडली तर त्याला पुढे कोणाकडे पाठवणार आहे. गोव्यातील पुष्कळ शाळांना गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत समुपदेशक मिळतात, आणि त्यांतल्या काहींवर एकापेक्षा अधिक शाळांचा भार असतो; तेव्हा आठही शनिवार तीच व्यक्ती असेल का, हेही विचारायला संकोच करू नका. सत्र कोणत्या भाषेत चालणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आपली पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणीतून शिकतात, पुढे इंग्रजीतून, आणि घरी बोलतात कोंकणी. रसायनशास्त्र इंग्रजीत सांगता येणाऱ्या मुलाला 'माझ्या छातीत धडधडते आणि मला घरी पळावेसे वाटते' हे इंग्रजीत सांगता येईलच असे नाही. ज्या गटात मुलांना हवी ती भाषा मिसळू दिली जाते, तो मला अधिक बरा वाटतो.

इतरांकडून नको ते शिकेल, ही तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. केवळ गैरवर्तन करणारी मुले निवडून त्यांचे गट केले तर ती एकमेकांच्या गैरवर्तनाला हसून दाद देतात आणि ते वाढू शकते, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ सालीच दाखवून दिले होते. त्यामुळे गट मिश्र आहे का, हे विचारा. वेगवेगळ्या अडचणींची आणि शक्यतो वेगवेगळ्या वर्गांतील मुले असावीत. स्वतःला इजा करण्याचे तपशील मुलांनी एकमेकांना सांगायचे नाहीत, असा स्पष्ट नियमही असायला हवा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या, तीव्र भावना हाताळायला शिकवणाऱ्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी या उपचारपद्धतीत, जिच्यातील कौशल्ये आज जगभर किशोरांच्या अनेक गटांत वापरली जातात, हा नियम सुरुवातीलाच सांगितला जातो. असे नियम समुपदेशिकेने तुम्हाला न विचारता सांगितले, तर माझ्या लेखी ती चांगली खूण आहे.

बोभाट्याविषयी काय सांगू? गोवा लहान आहे, आणि फोंड्याच्या बाजारात कोणाचा मुलगा कुठे जातो हे कळायला वेळ लागत नाही. पण शाळेतील सत्राला शाळेतच जायचे आहे, आणि शनिवारी शाळेत कशाकशासाठी मुले येतात. बाहेरच्याला त्यात वेगळे काही दिसणार नाही. अधिक धोका घरातून आहे. चवथीला तुम्ही मूळ घरी जाल, काका-आत्या जमतील, गुण विचारले जातील, आणि काळजीपोटीच कोणीतरी गणपतीवरच्या माटोळीखाली बसून सांगेल की त्याला शाळेत समुपदेशनाला घातले आहे. ते होऊ देऊ नका. सासूबाईंना आधीच विश्वासात घ्या. दृष्ट काढली म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही, नातवाला काहीतरी होते आहे हे त्यांनाही दिसले, म्हणून त्यांनी आपल्या परीने उपाय केला. ही गोष्ट कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, ते मुलालाच ठरवू द्या.

तो गटात काय बोलतो ते तुम्हाला कळणार नाही, आणि कळू नये. त्याच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर समुपदेशिकेने गुप्तता बाजूला ठेवलीच पाहिजे, आणि हे तिने मुलांनाही पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर त्याची खबर देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. त्यापलीकडे, शनिवारी घरी आल्यावर 'काय बोललास?' असे विचारू नका. 'या आठवड्यात सराव कशाचा आहे?' असे विचारा. हवे तर तोच सराव तुम्हीही करा. झोपण्याआधी पाच मिनिटे श्वास संथ करायला घरातील दोघे बसले, तर ते त्याला शिक्षेसारखे वाटणार नाही.

शिकवणीचे उत्तर मी थोडक्यात देते : आठ शनिवार सोडा, किंवा वेळ बदलून घ्या. पोटदुखीने तो महिन्याला जितके दिवस घरी राहतो आहे, त्यापुढे आठ शनिवारचे हे दीड-दीड तास फार नाहीत, आणि बारावीच्या बोर्डाच्या वर्षापेक्षा अकरावीत ते काढणे केव्हाही सोपे. परीक्षा झाल्यावर पाहू म्हणून थांबण्याचा पर्याय मला पटत नाही, कारण त्याचा त्रास परीक्षेशीच बांधलेला आहे. 'बघू' हा मात्र सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडी नकार नव्हे, तर बहुतेक वेळा अर्धा होकार असतो. त्याला म्हणा की दोन सत्रे बसून पाहा, मग तू ठरव. आणि दोन सत्रांनंतर तो नको म्हणाला तर खरोखर ऐका, आणि वैयक्तिक समुपदेशनाकडे वळा. ओढून नेलेला मुलगा गटात बसतो खरा, पण सराव करत नाही.

आणि आता तुमच्या 'पण ते असो' याविषयी. ते तसेच असू देऊ नका. ज्यांच्या आईवडिलांना नैराश्य आहे किंवा पूर्वी होऊन गेले आहे, अशा ३१६ किशोरवयीन मुलांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथेही आठ आठवडे दर आठवड्याला दीड तास गटसत्र होते आणि त्यानंतर काही महिने महिन्यातून एकदा. गटाला गेलेल्या मुलांत नैराश्याचे प्रमाण कमी राहिले. परंतु गट सुरू होताना ज्यांची आई किंवा वडील स्वतः नैराश्यात होते, त्या मुलांना गटाचा वेगळा फायदा दिसला नाही. तुम्हाला नैराश्य आहे असे मी एका वाक्यावरून म्हणणार नाही, मुलाच्या काळजीनेही झोप उडते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नसेल, कशात मन लागत नसेल, उगाच रडू येत असेल, तर मुलाच्या गटाची तारीख येण्याआधी तुमची स्वतःची तपासणी होऊ द्या. जवळच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल.

पालकांच्या दोन बैठकांपैकी निदान एकीला तुमच्या पतींनी यायला हवे. कंपनीत पाळी बदलून घ्यावी लागेल, म्हणून समुपदेशिकेकडून तारखा आजच मागून घ्या. आणि त्यांना नेताना मुलाच्या आजाराविषयी ऐकायला चला असे न म्हणता, चाचणीच्या सकाळी आपण दोघांनी नेमके काय करायचे ते विचारायला चला, असे म्हणा.